टाकीला ताप

आमची धाकटी बहीण माझ्याच हाताखाली शिकली आणि आता मलाच शिकवते. दुधाच्या कारखान्यात टाक्यांना तापमानाचे ट्रान्समीटर बसवायचं काम होतं. टाकीतल्या दुधाचं तापमान थेट कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसायला हवं. सुपरवायझरने तिला सांगून ठेवलं होतं, आजचे आकडे चोख आले तर पुढच्या शेडचं काम तुझं एकटीचं. म्हणून मी शपथ घेतली होती, आज मध्ये तोंड घालायचं नाही. घरात कोणाचाच विश्वास बसला नाही.

शेवटच्या टाकीपाशी तिने ट्रान्समीटरचा सेन्सर माझ्या हातात दिला, टाकीच्या भिंतीतल्या नळीत सरकवायला सांगितला आणि आकडा बघायला कंट्रोल रूमकडे पळाली. तेवढ्यात पाइपवाल्याने आमच्या वायरींवर पाय दिला. मग काय, मी त्याला असा फैलावर घेतला की बिचाऱ्याला पळता भुई थोडी झाली.

फोन वाजला. धाकटीचा आवाज रडवेला. टाकीत गारठलेलं दूध आणि पडद्यावर तेहतीस अंश, वर सुपरवायझर शेजारीच उभा. मी म्हटलं, वायरी चुकीच्या जोडल्या असशील, धांदरट कुठली. झाली का शपथ मोडून! तिने सगळं परत तपासलं. पुन्हा फोन केला, तर आकडा छत्तीसच्या घरात. आता मात्र मलाही वाटलं, पोरीची शेड जाणार.

तिसऱ्या फोनला ती रडत नव्हती.

"ताई, तू फोन घेतलास की आकडा चढतो. काखेत काय आहे तुझ्या?"

बघते तर काय, सेन्सर! फोन घ्यायला हात मोकळा हवा म्हणून दर वेळी मीच तो तिथे खोचत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गुपचूप पुसला आणि नळीत सरकवला. आकडा घसरत घसरत चारवर येऊन थांबला.

"ट्रान्समीटर चोख आहे," ती सुपरवायझरला म्हणाली. "दूध गार आहे आणि ताईला ताप नाही."

तो पोट धरून हसला आणि शेड तिला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी मी तिला शेडच्या दारापर्यंत सोडायला गेले. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ती आत वळली, थबकली आणि म्हणाली, "ताई, हात वर कर."

मी केले. काखेत काही नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं, ते तिने तपासलं नाही.