भिंतीवरचा उजवा हात

माझी बायको सुमती गेल्याचं मला मार्चमधल्या एका सोमवारी दुपारी कळलं. खारघरच्या कॉलेजमधून तिची विद्यार्थिनी रोशनी हिचा फोन आला. मॅडम प्रयोगशाळेत कोसळल्या, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सुमती खोबरेल तेलातल्या आम्लांपासून साबणासारखी द्रावणं बनवायची आणि त्यांनी जंतू, बुरशी मरते का ते तपासायची. विचुंबेतलं आमचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराची मागची भिंत दर पावसाळ्यात काळी पडते. तिला ती फुकटची प्रयोगशाळा वाटायची. ती जायच्या आदल्याच दिवशी, रविवारी, तिने त्या भिंतीवर दोन्ही पंजे उमटवले. डावा नुसत्या पाण्याचा, उजवा द्रावणाचा. एक साधा हात हवाच, नाहीतर फरक कशाशी ताडणार, असं तिचं म्हणणं. मी हसलो.

"जुलैत बघू कोण हसतंय," ती म्हणाली.

वाळल्यावर भिंतीवर काहीच दिसेना.

जुलैत एका सकाळी चहा ठेवून मागे वळलो, तर काळ्या बुरशीत तिचा उजवा पंजा होता. स्वच्छ, पांढरा. करंगळी तिची होती तशीच वाकडी. डाव्याच्या जागी नुसतं काळं. चहा उतू गेला. तेव्हापासून भिंतीकडे पाठ करून मला जेवता येत नाही. पलीकडून कुणी भिंतीला हात टेकून उभं आहे असं वाटतं.

रोशनीला बोलावून दाखवलं. तिने जवळ जाऊन एकेक बोट निरखलं. मग म्हणाली, मॅडमनी तीन द्रावणं घरी आणली होती. मी सांगितलं, तिने ती एका वाटीत एकत्र केली होती, अंदाजाने. कॉलेजात थेंब मोजणारी बाई घरी आमटीत मीठसुद्धा मोजत नसे. किती काय घातलं ते आता फक्त त्या गिलाव्यात होतं. तेवढा भाग खरवडून नेला तर तपासता येईल, असं रोशनी म्हणाली. पंजाचा फोटो काढून ठेवा म्हणाली.

"फोटोला हात लावला तर भिंत लागते का?" मी म्हणालो.

"काका, बुरशी बोटांवर चढतेय. मॅडमनी स्वतःच खरवडलं असतं."

"तिचा हात होता. तिला जमलं असतं."

जाताना तिने ओट्यावर एक पातं आणि झाकणाची बाटली ठेवली. तुम्हीच करा म्हणाली.

आता सप्टेंबर संपत आला. करंगळी गेली. तळवा अजून पांढरा आहे. रोशनीचं बरोबर आहे, हे मला कळतं. भिंत अजून खरवडलेली नाही.