ट्रॉलीभर पऱ्हे

पूल पडला मंगळवारी पहाटे आणि आमचे पऱ्हे उपटून झाले होते सोमवारी संध्याकाळी. एवढंच आमचं चुकलं. आमच्याकडे धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, रोवणीच्या आदल्या दिवशी उपटून पेंढ्या बांधून ठेवतात आणि सकाळी ट्रॉलीनं बांधीत, बांध घातलेल्या शेतात, नेतात. आमचं घर आणि विहीर नदीच्या या काठाला, तीन एकर बांधी त्या काठाला. पऱ्हे विहिरीजवळ टाकायचे आणि पुलावरून पलीकडे न्यायचे, हे सासऱ्यांपासून चालत आलेलं. पूल पडेल असा विचार कोण करतो? तो बांधणाऱ्यांनीही केला नसावा.

उपटलेले पऱ्हे दोन दिवस तग धरतात, फार तर तीन. मग ढिगातच तापतात, पिवळे पडतात, कुजतात. नवे टाकायला हंगाम उरला नव्हता.

मंगळवारी अख्खा टोला, आमची सगळी वस्ती, नदीवर जमला. मधले दोन गाळे पाण्यात गेलेले आणि लोक मोबाईल वर करून उभे. जत्राच म्हणा! दुपारपर्यंत मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. दुधाची गाडी आली नाही, पलीकडच्या रोवणाऱ्या बाया आल्या नाहीत, पुलाच्या तोंडावरचं पंक्चरचं दुकान माशा मारत बसलं. चेतनाचे बाबा, म्हणजे माझे मालक, भरली ट्रॉली घेऊन वरच्या पुलाकडे गेले. पंचेचाळीस किलोमीटरचा वळसा. संध्याकाळी ट्रॉली तशीच परत आली. तपासणी होईपर्यंत त्या पुलावरून जड गाड्या बंद. एक पडल्यावर साहेबांना दुसऱ्याची आठवण झाली होती.

अंगणात बिसराम वाट पाहत होता. त्याची बांधी आमच्याच काठाला, नदीला लागून. चिखलणी झालेली, पण पऱ्हे आठवड्यापूर्वीच्या पुरात सडलेले.

"गोवर्धनभाऊ, माह्या बांधीत रोवून टाकू. पीक अर्धं अर्धं."

"काऊन? मी मेलो काय?" चेतनाचे बाबा ओरडले. "माहे पऱ्हे माह्याच बांधीत जातीन!"

बिसराम निघून गेला. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचाच राग आला होता.

बुधवारी सकाळी पेंढ्यांच्या ढिगात हात घातला तर आत गरम लागलं. चेतनाचे बाबा तडक कवडू ढिवराकडे गेले. त्याचा मासे धरायचा लहानसा डोंगा होता.

"पाणी उतरू दे ना जी," कवडू म्हणाला. "पुलाचं लोखंड खाली हाये. धार कुठं वढन, सांगता येत नाई."

"उद्या पऱ्हे मरून जातीन."

"आन आज तू मेला तं?"

तरी तो तयार झाला. दोघांनी मावतील तेवढ्या पेंढ्या डोंग्यात रचल्या आणि निघाले. मी काठावर.

पडलेल्या खांबाजवळ डोंगा गर्रकन फिरला. कवडूनं बांबू टेकवला, पण ओल्या पेंढ्या एका अंगाला सरकल्या आणि डोंगा कलंडला. कवडू पोहत काठाला लागला. चेतनाचे बाबा दिसेनात. मी काट्याकुट्यांतून धारेबरोबर धावत सुटले. "गोवर्धन! गोवर्धन!" बावीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

पुढं एक बाभूळ पाण्यात झुकली होती. तिच्या फांदीला ते एका हातानं लटकले होते. दुसऱ्या हातात पेंढी!

"सोडा ते! हात द्या!"

ते ऐकेनात. फांदी करकरली.

"पोरीले काय सांगू मी? पेंढीसाठी बाप गेला म्हणून?"

तेव्हा त्यांनी पेंढी सोडली. मी आणि कवडूनं त्यांना ओढून वर घेतलं. ते चिखलात पडून धापा टाकत होते आणि मी त्यांना शिव्या घालत होते, रडत होते.

"आता बिसरामले बोलावतो मी," मी म्हणाले.

गुरुवारी बिसरामच्या बांधीत ट्रॉली रिकामी केली. निम्म्याहून जास्त पेंढ्या जगल्या होत्या. रोवताना उलट्या पावलांनी सरकायचं असतं. पलीकडची बांधी दिसू नये म्हणून चेतनाचे बाबा नदीकडे पाठ करून वाकले. पण सरकता सरकता नदीच जवळ येत गेली. शेवटी टाच बांधाला लागली आणि त्यांना उठून वळावं लागलं.

पलीकडे सगळ्यांची रोवणी झाली होती. त्यांची घरं त्याच काठाला. त्या हिरव्यात आमचे तीन एकर तेवढे नुसतं पाणी.

ते बराच वेळ पाहत राहिले. आता हे मटकन बसतात की काय, असं वाटलं.

"बिसराम," ते म्हणाले, "दाट लावून राहिला तू. पातळ लाव. तुह्या साऱ्या बांधीले पुरले पायजे."

आणि ते पुढच्या ओळीला वाकले. मी पदर तोंडाला लावून रडून घेतलं.