गाठीतले फितूर

"हे बघ ताई, पांढऱ्या पेशी म्हणजे आपलं सैन्य," काढ्याचा थर्मास उघडत दिनकर आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला. "सैन्य वाढलं की गाठ आपोआप विरघळते. तू शांती राख ने."

पेपरामागे भास्कररावांनी नाक मुरडलं. मेहुण्याचं दांडिया बाजारात तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान होतं, तेही धड चालत नव्हतं. आधी अगरबत्तीची एजन्सी बुडवली, मग फरसाणाची. आता स्वारी कर्करोगावर घसरली होती. बायकोच्या, स्नेहलताबाईंच्या, छातीत गाठ निघाल्यापासून हा रोज सकाळी त्यांच्या सुभानपुऱ्यातल्या घरी हजर. तोच गुळवेलीचा काढा आणि तेच शहाणपण. रिफायनरीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेल्या भास्कररावांना बिनपुराव्याचं बोलणारी माणसं चपलेतल्या खड्यासारखी टोचत. आणि असे खडे त्यांना बडोद्यात पावलोपावली भेटत.

दुपारी तपासणीचा अहवाल आणायला ते एकटेच गेले.

"काका, गाठीत पांढऱ्या पेशी खूप दिसतायत," डॉक्टर मिताली म्हणाली.

"मग बरंच की."

"नाही ना. त्यातल्या लढणाऱ्या कमी आहेत. बाकीच्यांना गाठीनंच रसायनं सोडून बोलावून घेतलंय. तिथं आल्या की त्यांचं वागणं पालटतं. गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, लढणाऱ्या पेशींना आवर घालतात. गाठ वाढते ती त्यांच्या जिवावर."

"म्हणजे फितूर."

"तसं म्हणा. केमोबरोबर लढणाऱ्या पेशींना मोकळं करणारं औषध देऊ. काहींना लागू पडतं."

शेवटचं वाक्य भास्कररावांनी अर्धवटच ऐकलं. त्यांच्या डोळ्यांसमोर उद्या सकाळचा दिनकर होता.

दुसऱ्या दिवशी थर्मास टेबलावर टेकायच्या आत त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तुझं सैन्य फितूर निघालं, दिनकर. गाठीनंच बोलावलंय त्याला आणि ते तिलाच पोसतंय. तू रोज थर्मास भरभरून त्या फितुरांना रसद पोचवतोयस. अगरबत्ती बुडवलीस तेवढं पुरे नव्हतं. आता बहिणीला बुडव."

दिनकरनं थर्मासचं झाकण लावलं आणि जिना उतरला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

"सुटलो," भास्करराव म्हणाले.

"काढ्यानं काही होत नाही, हे मलाही कळतं," स्नेहलताबाई म्हणाल्या. "शाळेत मी विज्ञानच शिकवत होते, विसरलात? पण तो आला की तासभर गाठीचा विसर पडायचा. तुम्ही आलात की आधी गाठच खोलीत येते." मग जरा थांबून म्हणाल्या, "अहवालात काय आलं, ते मला कसं कळलं ठाऊक आहे? तुम्ही त्याला टोचून बोलत होतात, त्यातून. मी समोरच बसले होते हो."

भास्कररावांनी पेपराची घडी घालून ठेवली.

संध्याकाळी ते दांडिया बाजारात गेले. दिनकर एका तसबिरीची काच पुसत होता. दाढी वाढली होती.

"काढा संपलाय," भास्करराव म्हणाले. याहून सरळ माफी मागणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

दिनकर काच पुसतच राहिला. "भाऊजी, खरं सांगा. माझ्या काढ्यानं ताईची गाठ वाढली?"

तो टोमणा नव्हता. बिनपुराव्याचं ते बोलणं त्यानं अक्षरशः खरं मानलं होतं.

"नाही," भास्करराव म्हणाले. "डॉक्टर तसं म्हणाली नव्हती. ते माझं होतं."

"मग औषधानं ताई बरी होईल ने?"

उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, असं झालं नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

दिनकरनं शटर ओढलं आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसला. सुभानपुऱ्यात पोचल्यावर भास्करराव खालीच थांबले.

"तू हो पुढे."

वर दार उघडलं. थोड्या वेळानं स्नेहलताबाईंचं हसू ऐकू आलं. भास्कररावांनी डिकीतून फडकं काढलं आणि ते स्कूटर पुसू लागले. ती स्वच्छच होती.