पिल्वीची पिल्लं

फिनलंडमधल्या कुओपिओच्या प्रयोगशाळेत कॉफीच्या वेळी केक आला आणि केर्टूच्या पोटात दुखायला लागलं. केक पिल्वीसाठी होता. पिल्वी तिचीच जुनी विद्यार्थिनी.

गाभण उंदरिणींच्या पोटात दारू गेली तर पिल्लांचं काय होतं, हे शोधण्यात केर्टूचं उभं आयुष्य गेलं होतं. पिल्लं खुजी, बावरलेली. हौदात सोडली की गढूळ पाण्याखाली लपवलेला, चढून उभं राहायचा पाट त्यांना सापडायचा नाही. कडेकडेने नुसती गोल पोहत राहायची. लोक ऐकायचे, हळहळायचे, विसरायचे. आणि ही पिल्वी! तिने तसलीच पिल्लं चक्रं-बोगदे असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात वाढवली, रोज हातात घेऊन गोंजारली, आणि म्हणे ती पाट शोधायला लागली. आता रेडिओवाले तिच्या मागे.

"दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं हे," केर्टू विभागप्रमुख ओस्मोला म्हणाली.

"मग तूच तपास की! तुझ्याइतकं खाष्ट कोण आहे इथे?"

पिल्वीचा चेहरा उजळला. "करशील? मला तर विचारायचीच भीती वाटत होती गं."

त्या भोळेपणाचाही केर्टूला राग आला.

तपासणीत पक्षपात नको म्हणून कोणतं पिल्लू कुठल्या पिंजऱ्यातलं, हे तिला सांगितलं नव्हतं. हौदाशी ती एकटीच होती. तिचा हात थंड पाण्याच्या नळावर गेला. पाणी गार पडलं की सगळीच पिल्लं गोंधळतात. कुणाला कळणारही नव्हतं. तिने नळ सोडला. थोड्या वेळाने स्वतःचीच लाज वाटून बंद केला, हौद रिकामा केला आणि पुन्हा कोमट पाण्याने भरला.

एक किरटं पिल्लू कडेने दोन घिरट्या घालून थबकलं, मध्याकडे वळलं. 'डावीकडे, अगं वेडे, डावीकडे!' केर्टू मनातल्या मनात ओरडली. पिल्लू पाटावर चढलं.

ते पिल्वीचंच निघालं.

"बरोबर आहे तुझं," केर्टू तिला म्हणाली. "सगळी नाही, पण बरीच पोहोचली."

पिल्वीने तिला मिठीच मारली. "रेडिओवर तूही चल ना!"

"तू जा. मला एवढंच सांग, गोंजारायचं सुचलं कसं तुला?"

"तू नेहमी ओरडायचीस ना, पिल्लांना उगाच हात लावू नका म्हणून? मला ते कधी जमलंच नाही."

पिल्वीची मुलाखत केर्टूने ऐकली नाही. त्या वेळी ती पिंजऱ्यांच्या खोलीत गेली आणि आपल्या पिल्लांपैकी एक उचलून तळहातावर घेतलं. ते तिला कडकडून चावलं.