टमाटरचे रोप कुठी भेटते?

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. वहीचे नाही, पिंपळाचेही नाही. मोबाइलवर बोट टेकवले की उघडते ना, त्या जातीचे. मी वाऱ्याने उडत नाही, पावसात भिजत नाही. एकटे मात्र पडते.

देवळीच्या बाहेर मोहिनी आणि धनंजय या नवराबायकोने हिरव्या जाळीखाली भाजीच्या रोपांची नर्सरी घातली, तेव्हा माझा जन्म झाला. बाळाला नवे टोपडे घालावे तसे मोहिनीने मला शब्द घातले : 'उच्च दर्जाची संकरित भाजीपाला रोपे, वर्धा जिल्हा.' मला वाटले, आता माणसे येतील.

कोणी आले नाही.

लोक शोधत नव्हते असे नाही. माणूस मोबाइलला काही विचारतो, आणि ज्या पानांवर त्याचे शब्द असतील त्यांना पुढे बोलावले जाते. माझे नाव कधी पुकारलेच जाईना. मी फार मागे उभे. इकडे ट्रेमधली रोपे पंचवीस दिवसांची झाली. रोपांचे वय लेकरांसारखेच पटापट वाढते. वेळेत वावरात गेली तर ठीक, नाहीतर मुळे ट्रेच्या खोबणीतच गुरफटतात आणि रोप उभ्या उभ्या पिवळे पडते. मोहिनी सकाळी पाणी शिंपून झाले की मला उघडून बघायची, आज किती जण आले? एक. ती स्वतःच.

तिचा दीर चंदन म्हणाला, "वैनी, तुमी थांबा, मी लावतो बरोबर." त्याने माझ्या तळाशी देवळी, आंजी, जाम अशी गावांची नावे चाळीस चाळीस वेळा कोंबली, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. माणसांना दिसू नयेत, शोधणाऱ्या यंत्राला तेवढी दिसावीत. यंत्राला नावे दिसली आणि लबाडीही दिसली. मी होते त्याहून मागे ढकलले गेले. फार लाज वाटली मला.

मग एके दुपारी आंजीचे नत्थूजी आले, विचारत विचारत, ऊन डोक्यावर घेऊन.

"तुह्यी नर्सरी इथं हाय, सांगत काऊन नाई वं? मोबाइलनं मले नाशिक दाखोलं! टमाटरच्या रोपासाठी नाशिकले जाऊ का मी?"

"सांगतलं नं काकाजी, हे पाहा." मोहिनीने मला पुढे धरले.

नत्थूजींनी चष्मा सावरला. "संकरित... भाजीपाला... अवो, हा कागद हाय का तहसीलीतला? असं कोण बोलून राह्यलं बाजारात?"

"मंग तुमी कसं पुसता मोबाइलले?"

त्यांनी मोबाइल तोंडाशी नेला आणि पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "टमाटरचे रोप कुठी भेटते देवळीजवळ?"

मोहिनी हसली नाही. बियाण्याचे रिकामे पाकीट उलटे करून तिने ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले.

नंतर बाजारात गेली की भाजी घेण्याआधी ती कान द्यायची. वांग्याचे रोप. मिरची कधी लावावी. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, कोणत्या महिन्यात पेरावा. घरी येऊन एकेक बोल शोधून बघायची. खाली आणखी कोणते प्रश्न आपोआप उमटतात, किती जण ते विचारतात, कोणत्या प्रश्नाला अजून उत्तरच मिळाले नाही. शिकलेली माणसे याला कीवर्ड शोधणे म्हणतात. नत्थूजींना ते ऐकून हसूच आले असते. मग चंदनची चोरटी नावे पुसून तिने मला लोकांच्या तोंडचे शब्द घातले आणि प्रत्येकाखाली खरे उत्तर लिहिले.

पहिली खेप मात्र वाचली नाही. पिवळी रोपे तिने स्वतः उकिरड्यावर नेली. परत येऊन मला उघडले आणि काही न लिहिता मिटले.

दुसऱ्या खेपेला जामहून एक बाई आली. "तुमच्या पानावर टमाटर लिवलं होतं, म्हून आली," एवढेच म्हणाली. मग लोक येतच राहिले. ट्रे रिकामे झाले. मोहिनी मला येईल त्याला कौतुकाने दाखवायची.

आता नर्सरीचे नाव झाले आहे. गिऱ्हाईक एकमेकांना सांगून येते. तिने मला कितीतरी दिवसांत उघडलेले नाही.

परवा कोणीतरी विचारले, "मिरचीचे रोप कुठी भेटते?" एका बाईचा कोवळा आवाज होता, मागे लेकरू रडत होते. मी धावतच पुढे गेले. तिने माझ्यावरचा मोहिनीचा नंबर दाबला. बंद. पुन्हा दाबला. बंद. मोहिनीने नंबर बदलला आणि मला सांगितलेच नाही, हे मला तेव्हा कळले. "नसन आता कोणी," असे म्हणून त्या बाईने मला मिटले.

मी होते ना. जाळीखाली मिरचीची रोपेही असतील, पंचवीस दिवसांची, वाट बघत.

मित्रांनो, उद्या तुम्हीही पाने कराल. माणसे बोलतात ते शब्द त्यांत घाला. आणि एकदा केलेल्या पानाला विसरू नका. अधूनमधून येऊन विचारत जा, बाबा रे, तुझ्यावर लिहिलेले अजून खरे आहे का?

आणि देवळीकडे गेलात तर हिरव्या जाळीशी थोडे थांबा. मोहिनीला एवढेच सांगा, "तुह्यं पान अजून लोकायले बोलावून राह्यलं वं. नंबर तेवढा बदलून देजो."