लिडनकोमचा ओढा

लिडनकोम म्हणजे खडूच्या टेकड्यांमधली सहा घरांची वाडी. आमचा ओढा दरवर्षी येत नाही. सात-आठ वर्षं गवताखाली निजून राहतो आणि एखाद्या फेब्रुवारीत, टेकडी पाणी पिऊन तट्ट फुगली, की जमिनीतून वर येतो. जुन्या नकाशात तर आमचा रस्ताच नाही, तिथं ओढाच काढलाय. आमच्या सगळ्या घरांचं पुढचं आणि मागचं दार एका रेषेत असतं ते त्याच्यासाठीच, त्याला घरातून आरपार जाता यावं म्हणून.

अगदी वरचं घर थर्झा लेगचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, अ‍ॅम्ब्रोसचं. दोघंही सत्तरीची, बिनलग्नाची. त्या वर्षी अ‍ॅम्ब्रोसनं स्वयंपाकघरातल्या फरशांवर सिमेंट ओतलं; ओढा वर येतो तो याच फरशांच्या फटींतून.

"अरे, मग ओढ्यानं यायचं कुठून?" थर्झानं विचारलं.

"नऊ वर्षं फिरकला नाही. मेला तो."

"मेला म्हणे. तू खांदा दिलास का त्याला?"

फेब्रुवारीत दहा दिवस झड लागली, मग उघडलं. दुपारी थर्झानं मला शेजारून हाक मारली. ती जमिनीला कान लावून ओणवी झाली होती. मीही कान लावला. खाली कुणी झोपेत पुटपुटावं तसा आवाज येत होता. सिमेंटला मधोमध फुगवटा आला होता.

अ‍ॅम्ब्रोस दारातून फुगवटा बघून गेला. मग परसातून कुदळ घेऊन आला. पाचव्या घावाला पाणी आलं, काचेसारखं नितळ. ते घोट्याएवढं झालं आणि मागच्या दारानं बाहेर पडलं. आम्ही तिघं जिन्यावर बसून चहा प्यायलो. वर छतावर उन्हाची जाळी हलत होती. घरच हळूहळू कुठंतरी निघालंय असं वाटत होतं.

"हा जातो तरी कुठं गं?" थर्झानं मला विचारलं.

"नदीला. अजून कुठं जाणार?" अ‍ॅम्ब्रोस म्हणाला.

"तुला कोण विचारतंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी काठाकाठानं निघालो. पाण्याखाली गवत तसंच होतं, एका दिशेला विंचरलेल्या केसांसारखं. तीन मैलांवर नदी लागली. ओढा तिच्यात आवाज न करता शिरत होता. थर्झा काठीवर रेलून बघत राहिली.

"हिला आपण आहोत हेही ठाऊक नसेल," ती म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

परतताना दूधवाल्यानं आम्हाला गाडीत घेतलं. थर्झा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि शेजारून पाणी उलट्या दिशेनं, नदीकडे चाललं होतं.