देवमाशाचा कौल

कोकिळाकाकूंनी कौल लावला तेव्हा मला रागच आला होता. हरिहरेश्वरच्या पुळणीवर सकाळी देवमाशाचं पिल्लू येऊन पडलं होतं, जिवंत, लहान होडीएवढं. काकूंनी सगळ्या बायकांसमोर हात जोडले आणि म्हणाल्या, हा परत दर्यात गेला तर माझ्या प्रणालीचं मूल जगेल. प्रणाली त्यांची सून, आठव्या महिन्यातली. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. मी इथे शाळेत शिकवते, आणि नवस-कौल आमच्या घरातून छप्पन सालच्या धम्मदीक्षेबरोबरच हद्दपार झाले. मुक्या जनावरावर कशाला असलं ओझं टाकता, असं मी त्यांना म्हटलंसुद्धा. त्यांनी कानाआड केलं.

म्हसळ्याहून जनावरांचे डॉक्टर निघाले होते. तोवर अंग ओलं ठेवा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मीही कळशी उचलली. बाकीच्या पाठीवर, शेपटीवर पाणी घालत होत्या, काकू मात्र डोक्याशी बसल्या. देवाला पाणी घालायचं ते माथ्यावर, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. तांब्याची धार त्यांनी तुटू दिली नाही. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

भरतीचं पाणी पोचलं तोवर पिल्लू गेलं होतं.

डॉक्टरांनी माथ्यावरची चीर बोटाने उघडली, तर आतून पाणी आलं. याचं नाक इथे असतं, ते म्हणाले, हा मासा नाही, आपल्यासारखाच हवेवर जगतो. किनाऱ्याला लागलेलं पिल्लू सहसा वाचत नाहीच, पण...

काकू शेजारीच होत्या. "तांब्या वतला की फुसकारत व्हता ओ, बाई," त्या मला म्हणाल्या. "मला वाटलं, त्याला बरं वाटतंय."

मला रडू आवरेना. तशीच त्यांचा हात धरून त्यांना घरी घेऊन गेले.

प्रणाली कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. काकू तिच्याकडे न बघता आत गेल्या. मी असल्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही, हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे, म्हणून तिने मलाच विचारलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी तिला खरं सांगणारच होतं.

"बाई, गेला का तो दर्यात?"

"गेला."

"म्हंजे कौल मिळाला?"

"मिळाला," मी म्हटलं.